शेवटची हातभर तार

'बिनतारी' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. पोलिसांची बिनतारी यंत्रणा, जहाजावरून आलेला बिनतारी संदेश, असे शब्दप्रयोग पूर्वी वर्तमानपत्रात रोज दिसायचे. आजची मुलं सरळ 'वायरलेस' म्हणतात आणि त्यांच्या मनात असतात ती कानात घालायची शेंगदाण्याएवढी दोन बोंडं. फोन खिशात, बोंडं कानात, मध्ये तार नाही. आज मला या बोंडांविषयी बोलायचं आहे. पण घरातल्या नव्हे, विमानातल्या.

परदेशी मुलांकडे जाऊन आलेल्या नागपूरकर आईवडिलांकडून एक तक्रार मी अलीकडे वारंवार ऐकतो. लेकानं हौसेनं बिनतारी इयरफोन पाठवलेला असतो. आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलून पुढे अमेरिकेचा चौदा-पंधरा तासांचा प्रवास असतो. पुढच्या सीटच्या पाठीला छोटा पडदा, त्यावर शेकडो सिनेमे. बोटानं सिनेमा सुरू होतो, माणसं ओठ हलवू लागतात, पण कानात काही येत नाही. हवाईसुंदरी येते, सीटच्या हातातलं दोन भोकांचं खोबण दाखवते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला तारेचा हेडफोन हातात ठेवते. मग प्रश्न येतोच, "अहो, एवढं कोट्यवधींचं विमान आणि त्याला माझ्या कानापर्यंत बिनतारी पोचता येत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कारण विमान हे मुळातच बिनतारी वाहन. आगगाडीच्या रुळांशेजारी तारायंत्राचे खांब धावू शकतात, विमानामागे तार कोण ओढणार? जमिनीशी त्याचं सगळं बोलणं पहिल्या दिवसापासून हवेतूनच झालं. तरीही आतल्या प्रवाशाच्या कानाला मात्र साठ वर्षं दोरी बांधलेली राहिली. असं का झालं, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल.

बिनतारी विद्येच्या जन्मातच ही गंमत आहे. १८९५च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींच्या पलीकडे विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीनं अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश टिपला. त्यासाठी वापरलेल्या संदेशग्राहकात बोस यांच्याच संशोधनाचा आधार होता, असं पुढे अभ्यासकांनी साधार मांडलं. पण मार्कोनीनं तो संदेश ऐकला कसा? टेलिफोनचा तारेचा ग्राहक कानाला लावून. हजारो किलोमीटर हवेतून आलेला टिकटिकाट शेवटचा हातभर मात्र तारेतूनच कानापर्यंत गेला. ही शेवटची हातभर तार त्यानंतर शंभर वर्षं सुटली नाही.

पुढे १९१०च्या सुमारास अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थानं घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन जोडले आणि अमेरिकी नौदलाला विकले. म्हणजे हेडफोन ही आधी कामाची वस्तू होती. ज्याच्या ऐकण्यावर इतरांचा जीव अवलंबून, त्याच्या डोक्यावर ती असायची. विमानातही प्रवाशांच्या कितीतरी आधी ती चालकदलाच्या डोक्यावर चढली.

आणि इथे आपलं नागपूर येतं. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान उडे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परते. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानानं नेण्याची योजना लागू झाली. काल संध्याकाळी मद्रासला पेटीत टाकलेलं पत्र आज दिल्लीला पोचावं, ही किमया देशाच्या मध्यावर बसलेल्या आपल्या गावामुळे घडत होती. टपालाबरोबर काही प्रवासीही असत आणि तेही मध्यरात्री इथेच विमान बदलत.

ती विमानं होती डाकोटा, दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली दोन पंख्यांची. वैमानिकांच्या मागे एका छोट्या मेजाशी रेडिओ ऑफिसर बसलेला असे. डोक्यावर हेडफोन, हाताशी मोर्सची कळ. बाहेर काळोख, खाली सातपुड्याची राने, दोन इंजिनांचा अखंड घोंघाट. त्या घोंघाटातून जमिनीवरच्या केंद्राचा क्षीण टिकटिकाट त्याला वेगळा काढावा लागे. हवामान कसं आहे, धावपट्टी मोकळी आहे का, आपण नेमके कुठे आहोत, हे सगळं त्या तारेतून येई. प्रवाशांना ऐकायला काहीही नव्हतं. त्यांच्या वाट्याला इंजिनांचा आवाज आणि कानात घालायला कापसाचे बोळे. विमानातला हेडफोन हा तोवर जबाबदारीचा दागिना होता. तो करमणुकीचा केव्हा झाला?

उडत्या विमानात सिनेमा दाखवण्याचे प्रयोग फार आधी झाले होते. एप्रिल १९२५ मध्ये इंपीरियल एअरवेजनं लंडनहून उडालेल्या विमानात 'द लॉस्ट वर्ल्ड' हा चित्रपट दाखवला. तो मूकपट होता, त्यामुळे आवाजाची चिंता नव्हती. बोलपट असता तरी त्या इंजिनांपुढे कुणाला ऐकू आला नसता. खरी सुरुवात जेट विमानं आल्यावर झाली. १९ जुलै १९६१ रोजी अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीनं न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या मार्गावर नियमित चित्रपट दाखवायला सुरुवात केली, तोही फक्त पहिल्या वर्गाला. डेव्हिड फ्लेक्सर नावाच्या चित्रपटगृहांच्या मालकानं त्यासाठी विमानात बसेल असं खास प्रक्षेपणयंत्र तयार करवलं होतं. पडदा सगळ्यांना मिळून एक, पण आवाज ज्याच्या त्याच्या कानात. कारण शेजारच्याला झोपायचं असू शकतं.

१९६३च्या सुमारास या ऐकण्यासाठी जी वस्तू आली, ती तरुण श्रोत्यांना खोटी वाटेल. तिच्यात वीज नव्हती आणि तारही नव्हती. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप असतो ना, तशी ती पोकळ नळी होती. छोटासा ध्वनिवर्धक सीटच्या हातातच दडवलेला असे, त्यावर दोन भोकं. नळीची टोकं त्या भोकांत खुपसायची आणि दुसरी टोकं कानांत. आवाज नळीतल्या हवेतून चालत यायचा. कुणी नळी न घेता सीटच्या हातावर कान टेकवला, तरी त्याला अस्पष्टसं गाणं ऐकू येई. आवाजाचा दर्जा यथातथाच, पण कंपन्यांच्या दृष्टीनं दोन फायदे होते. वस्तू अतिशय स्वस्त होती आणि विमानाबाहेर तिचा काडीचा उपयोग नव्हता. घरच्या रेडिओला ती लागत नसे, म्हणून कुणी ती पिशवीत घालून नेत नसे. शिवाय अनेक मार्गांवर साध्या वर्गाच्या प्रवाशाला ती पैसे मोजून घ्यावी लागे. सीट तिकिटात मिळे, कानाचं भाडं वेगळं.

१९८०च्या दशकात नळ्या जाऊन विजेचे हेडफोन आले, पण युक्ती तीच राहिली. घरच्या टेपरेकॉर्डरला एका पिनेचा हेडफोन लागतो, विमानात मुद्दाम दोन पिना ठेवल्या. डाव्या कानाची एक, उजव्याची दुसरी. एक खोबण बिघडलं तर निदान एका कानाला तरी ऐकू यावं, ही त्यातली सोय. आणि कंपनीचा हेडफोन बाहेर निरुपयोगी ठरावा, हा हिशेब. प्रवाशांनी आपले हेडफोन आणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना दोन पिनांचा जोड वेगळा विकत घ्यावा लागला. आजच्या 'जुळतच नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे. विमानाचं खोबण तुमच्या हेडफोनशी जुळावं अशी कुणाची इच्छाच नव्हती.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट एका बोसांची आहे. हे दुसरे बोस, अमर बोस. वडील नोनी गोपाल बोस बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेलेले. मुलगा तिथे प्राध्यापक झाला आणि त्यानं ध्वनियंत्रांची कंपनी काढली. १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला परतताना विमानात मिळालेला हेडफोन त्यांनी कानाला लावला आणि इंजिनांच्या आवाजात संगीत बुडून गेलेलं पाहून ते वैतागले. त्याच प्रवासात त्यांनी कागद काढून गणित मांडायला घेतलं. कल्पना अशी, की बाहेरच्या आवाजाची लाट हेडफोननं टिपायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडायची. शिखर आणि दरी एकमेकांत मिळाली की पाणी सपाट. तत्त्व जुनं होतं, पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालेलं होतं. पण ते कानाएवढ्या जागेत बसवायला वेळ लागला. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी असे हेडफोन बाजारात आले. म्हणजे एका बोसांनी तार न लावता आवाज पोचवण्याची वाट दाखवली आणि दुसऱ्या बोसांनी विमानात शांतता आणली.

दरम्यान सगळ्यांचा मिळून असलेला एक पडदा फुटून त्याचे शेकडो छोटे पडदे झाले. १९८८ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं काही सीटांच्या पाठीला पावणेतीन इंचांपेक्षाही लहान पडदे बसवून पाहिले. आपल्याकडे मे २००५ मध्ये सुरू झालेल्या किंगफिशरनं देशांतर्गत प्रवासातही सीटमागे पडदा दिला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं. ती कंपनी २०१२ मध्ये जमिनीवर आली. स्वस्त विमानसेवांनी हिशेब वेगळा केला. पडदा म्हणजे वजन, वजन म्हणजे इंधन, इंधन म्हणजे तिकीट. त्यामुळे नागपूरहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्याला बहुतेक वेळा समोर पडदा दिसतच नाही आणि परदेशच्या प्रवासात तो पहिल्यांदा भेटतो. त्याच वेळी हा तारेचा घोळही भेटतो.

आता बिनतारी बोंडांकडे वळू. त्यांच्यामागचं तंत्र ब्लूटूथ. १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हे अभियंते त्यावर काम करू लागले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून त्यासाठी गट स्थापन केला. डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजावरून नाव ठेवलं, कारण त्यानं विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या. हे तंत्र एका लहरीवर थांबत नाही. ७९ वाटा आखलेल्या असतात आणि सेकंदाला १६०० वेळा ते वाट बदलतं, म्हणून गर्दीतही दोघांचं बोलणं तिसऱ्याशी फारसं धडकत नाही. याच जातीची कल्पना १९४२ मध्ये चित्रपट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पेटंट करून ठेवली होती. पियानोच्या ८८ पट्ट्यांसारख्या ८८ लहरी, आणि पाणतीराला शत्रूनं भरकटवू नये हा उद्देश.

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आपल्या फोनवरचं हेडफोनचं भोकच काढून टाकलं. मग इतरांनीही तेच केलं आणि दोन-चार वर्षांत माणसांच्या पिशवीतून तारेचे इयरफोन गायब झाले. विमानं मात्र होती तिथेच राहिली. फोन आपण तीन वर्षांत बदलतो, विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं. त्यात नवा स्क्रू बसवायचा तरी सुरक्षेची परवानगी लागते. शिवाय काही खऱ्या अडचणी होत्या. एका पत्र्याच्या नळकांड्यात दोनशे-तीनशे माणसं, प्रत्येकाच्या कानात बोंडं, आणि ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. म्हणजे तुमच्या पडद्याला आजूबाजूच्या कित्येक ओळींतले इयरफोन दिसणार. त्यातला तुमचा कोणता, हे त्याला कळायला हवं. दुसरी अडचण उशिराची. आवाज गुंडाळून, पाठवून, पुन्हा उलगडायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा लागतो. गाण्यात तो कळत नाही, सिनेमात मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

तिसरी शंका आपण सगळे विचारतो. विमानात फोन बंद करायला सांगतात, मग ब्लूटूथ कसं चालतं? उत्तर ताकदीत आहे. जुना मोबाइल मनोरा शोधताना दोन वॉटपर्यंत जोर लावू शकतो, इयरफोनचं ब्लूटूथ वॉटच्या हजाराव्या हिश्शात मोजलं जातं. शेकडो पटींचा फरक. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०१४ मध्ये 'फ्लाइट मोड'मध्ये फोन वापरायची मुभा दिली.

आता चित्र बदलत आहे. २०२१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं आपल्या नव्या विमानांत सीटमागच्या पडद्याला थेट बिनतारी जोडणी दिली आणि इतर मोठ्या कंपन्याही नव्या विमानांत ती देऊ लागल्या. जुन्या विमानांसाठी उपाय साधा आहे. आगपेटीएवढी एक प्रक्षेपक डबी मिळते. तिची पिन सीटच्या खोबणीत घालायची, घरूनच तिची आणि इयरफोनची ओळख करून ठेवायची, दोन्ही चार्ज करून न्यायचं. दोन भोकांसाठी जोड लागला तर तोही पिशवीत असू द्यावा. या सगळ्या वस्तू हातातल्या सामानात ठेवाव्यात. आणि बोंड सीटच्या फटीत पडलं तर सीट मागेपुढे न करता कर्मचाऱ्यांना बोलवावं, कारण आत लिथियमची बॅटरी असते आणि ती चिरडली तर पेट घेऊ शकते.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सीटच्या पडद्याशी कान जोडलेला असतो, तेव्हा वैमानिक बोलू लागला की सिनेमा आपोआप थांबतो आणि त्याचा आवाज तुमच्या कानात येतो. पट्टा बांधा, धक्के बसणार आहेत, अमुक विमानतळावर उतरत आहोत. त्या तारेनं तुमच्याकडून भाडं घेतलं असेल, पण तिनं तुमचा कान विमानाच्या हाकेशी बांधूनही ठेवला होता. आता माणसं स्वतःच्या फोनवर सिनेमा उतरवून आणतात, वर बाहेरचा आवाज पुसणारी बोंडं घालतात. त्यांच्या कानात वैमानिकाला प्रवेशच नाही. बाजूच्यानं दंडाला हात लावून सांगितल्यावर दचकणारी माणसं मी पाहिली आहेत. एरवी ही गंमतीची गोष्ट, संकटाच्या वेळी नाही. म्हणून बिनतारी इयरफोन फोनला जोडण्यापेक्षा समोरच्या पडद्याला जोडता येणं महत्त्वाचं आहे. आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी कान मोकळे ठेवावेत, हे तर आहेच.

यातून ज्यांचं सगळ्यात भलं होणार आहे, त्यांचा विचार आपण फार कमी करतो. कमी ऐकू येणारी माणसं. कानातलं यंत्र काढून ठेवायचं आणि त्यावर हेडफोन चढवायचा, की यंत्रावरूनच हेडफोन लावून शिटी ऐकायची, अशी त्यांची वर्षानुवर्षं कुचंबणा होती. पुष्कळजण सिनेमाही सोडून देत आणि सूचनाही. आजची बरीच श्रवणयंत्रं बिनतारी जोडता येतात. आणि २०२२ मध्ये ऑराकास्ट नावानं एक नवी सोय जाहीर झाली, जिच्यात एकच आवाज एकाच वेळी कितीही जणांच्या यंत्रांत सोडता येतो. विमानतळावरची घोषणा थेट आजोबांच्या श्रवणयंत्रात. विमानांत आणि विमानतळांवर ही सोय सर्रास व्हायला अजून अवकाश आहे, पण मागणी आपण आत्तापासून करायला हवी.

एक आवाज, कितीही कान. श्रोतेहो, याला आपण रेडिओवाले प्रसारण म्हणतो. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती रात्रीची होती आणि तिचा आवाज देशभर जायचा तो आपल्या नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून. टपालाची विमानं जिथे मध्यरात्री भेटत, त्याच गावातून रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, न झोपणारे आजारी लोक यांच्यापर्यंत एकच आवाज पोचत होता. ती वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली. त्या रात्रींत कुणाच्या कानाला तार होती, कुणाच्या उशाशी ट्रान्झिस्टर होता, पण हाक सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जायची.

मार्कोनीच्या कानाशी असलेली ती शेवटची हातभर तार आता सुटते आहे, आणि ती सुटावीच. फक्त आजही या आकाशातून रात्रभर विमानं जातात, तेव्हा त्यांतल्या प्रत्येक मिटलेल्या कानापर्यंत गरजेच्या वेळी एक माणसाचा आवाज पोचेल, एवढी सोय करणाऱ्यांनी करावी आणि वापरणाऱ्यांनी मोडू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)